लेकीनं मागितलेला ताप

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या.

“ताप उतरला ना तुझा?”

“उतरला, ताई. पण लेक परत मागतेय.”

“काय?”

“काल दुपारी प्रार्थनेत म्हणाली, ‘प्रभू येशू, आईला पुन्हा ताप दे. तेव्हाच ती माझ्याजवळ निजते.’”

“अगं बाई! मग?”

“मी मशीनवर चर्चच्या गायकांचे झगे शिवत होते. देवाचंच काम म्हणून स्वतःला जुंपलं होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याशेजारी गुडघे टेकले. ‘प्रभू, चुकले’ एवढंच म्हटलं, आणि तिथंच डोळा लागला.”

“तुझा? दिवसाढवळ्या?”

“जाग आली तर अंगावर तिची चादर. झगे न्यायला आलेल्या बाईंना ती दारातच सांगत होती, ‘आई झोपलीय. प्रभूनं निजवलंय तिला. उद्या या.’”