बाईंच्या हाती स्मृतिचिन्ह देऊ नका

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती डॉक्टरबाई, रुग्णालयातील कर्मचारीवर्ग आणि सभागृहातील बंधुभगिनींनो! दिवे मंद आहेत. पहिल्या दोन रांगा मला दिसतात. मागच्या असतीलच, असं धरून चालतो. शस्त्रक्रियेआधी पहिलीसुद्धा धरूनच चालायचो.

रुग्णांच्या वतीने चार शब्द बोलायचे आहेत. आमच्या घरातला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आईवडिलांनी मिळून, स्वतः न भोगता, आम्हां तिन्ही भावंडांना दिला. वारशाचं इतकं समान वाटप आमच्यात पुन्हा झालं नाही. दिवेलागणीला आम्ही भिंतीला हात लावून चालायचो. पाहुणे म्हणत, "काय शिस्तीची मुलं आहेत हो!"

थोरल्या भावाचे डोळे गेले, तेव्हा हा उपचार नव्हता. माझ्या डोळ्यात मात्र बाईंनी पडद्याखाली औषधाचा थेंब सोडला. पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि टेबलावर मी टक्क जागा! म्हटलं, "बाई, घाबरू नका असं तरी म्हणा." त्या म्हणाल्या, "खुशाल घाबरा. फक्त हलू नका." इतका उपयोगी उपदेश मला आजवर कुणी केलेला नाही.

पण निरोप आधी आणि शेवटची शस्त्रक्रिया नंतर, हा कुठला क्रम? सभागृह म्हणे आजच मोकळं होतं! उद्या सकाळी त्या टेबलावर माझी धाकटी बहीण असेल. इतकी वर्षं भिऊन टाळत राहिली. आता पडद्यात जिवंत पेशी थोड्याच उरल्यात, आणि पडदा फाटला तर आहे तेवढंही जाईल. ती इथेच पहिल्या रांगेत आहे. येताना माझा दंड धरून म्हणाली, "दादा, मी हललेच तर?" मी विनोद करायला तोंड उघडलं. मग तो गिळला आणि तिला इथवर आणून बसवलं.

म्हणून आयोजकांना हात जोडून विनंती. ते पितळी स्मृतिचिन्ह दोघांनी मिळून आत आणलं, मी पाहिलंय. ते बाईंच्या हाती देऊ नका. हस्तांदोलनाला रांग लावू नका. लांबून नमस्कार पुरे. पुढचे सगळे वक्ते म्हणणार, बाईंच्या हाताला यश आहे. अहो, त्या हाताला आज झोप हवी आहे!

"दादा, आवर आता!"

ऐकलंत? पहिल्या रांगेतून हुकूम आला. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, ते पोटात घाला. आणि चुकायचं जे काही असेल, ते आज, इथेच, माझ्याच हातून चुकून जाऊ दे.