मोठेबाबाच्या जोड्याच्या एजन्सीची परीक्षा

राजेहो, ट्रेनिंगची गोष्ट काढलीच न, तर आमच्या मोठेबाबाची, म्हणजे बाबाच्या मोठ्या भावाची, ऐका! भिलाईत कारखान्याची भट्टी अजून बांधूनच राहिले होते, तवा मोठेबाबानं जोड्याच्या कंपनीची एजन्सी घेतली. कंपनीची अट अशी का मालकानं स्वतःच्या खर्चानं कलकत्त्याले जाऊन शिकून यायचं, अन् गिऱ्हाइकाच्या पायात जोडा मालकानंच खाली बसून घालायचा. नाही जमलं तर एजन्सी गेली, डिपॉझिटही गेलं.

मोठेबाबा शिकून आले. दुकान उघडलं त्याच दिवशी कंपनीचा इन्स्पेक्टर परीक्षा घ्यायले हजर! जवळच्या रुआबांधा वस्तीतला, कारखान्याच्या कामावरचा एक फिटर पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्टुलावर बसला. पांढऱ्या मिशांचे मोठेबाबा त्याच्या पायाशी वाकले, तसा तो उडालाच.

"बाबा, पाप कावून चढवता माह्या डोक्यावर?" म्हणत त्यानंच मोठेबाबाचे पाय धरले.

दुसऱ्या गिऱ्हाइकानं तेच केलं. तिसऱ्याचं तर डोस्कं मोठेबाबाच्या डोस्क्यावर आदळलं!

इन्स्पेक्टर चिडला. "अहो, जोडा घालता येतो की नाही तुम्हाला? मीच बसतो, घाला!"

मोठेबाबानं त्याच्या उजव्या पायात असा झकास जोडा चढवला का आमी पाहतच राहिलो. इन्स्पेक्टर तर तवा माह्याच वयाचा पोरगा. तो लाजला, उठला, अन् वाकून मोठेबाबाच्या पाया पडला.

"पास, बाबा, पास! ही अट तुम्हाला माफ."

मोठेबाबानं हात धरून त्याले परत स्टुलावर बसवलं.

"माफ कशी? घरचे पैसे लावून शिकलो मी. दुसरा पाय आण इकडं!"