नानांच्या रेघा

मी तशी पालीलाही दचकते. पण त्या दिवशी आमचे साहेब दचकले. नरडाण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागून मला तीनच महिने झाले होते. हेड ऑफिसचं पत्र आलं: धुरातल्या वायूनं पृथ्वी तापते आहे, पाच वर्षांत कोळसा किती कमी जाळणार ते कळवा.

साहेब म्हणाले, "वीस टक्के लिहा आणि सही करा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कशापेक्षा वीस टक्के, साहेब?"

म्हणून आत्ता किती कोळसा जळतो ते बघायला आम्ही बॉयलरवर गेलो. तिथे भट्टीत कोळसा टाकणारे नाना दर टोपलीला एक रेघ भिंतीवर कोळशानं ओढायचे. दुसरी नोंदच नव्हती. बघतो तर भिंत पांढरीशुभ्र! साहेब दचकलेच. पाहुणे येणार म्हणून साहेबांनीच चुना मारायला सांगितला होता.

नाना म्हणाले, "साहेब, वीस टक्का कशाले? भिंतवर ते बठ्ठा कोयसा कमी व्हई गया!" बठ्ठा म्हणजे सगळाच.

साहेबांनी पेन माझ्यापुढे धरलं. नोकरी जाणार, असं वाटलं. तरी म्हटलं, "आधी वर्षभर मोजू. सही मग करीन."

नानांनी एक टोपली भट्टीत टाकली, आणि कोळशाचा तुकडा उचलून त्या कोऱ्या चुन्यावर पहिली रेघ मीच ओढली. ती वाकडी आली, पण कारखान्यात खरी नोंद तेवढीच होती.