मोबाईल तळून खा

(सारसोळे गाव, संध्याकाळ. सखू ओट्यावर मासळीची टोपली धुतेय. तिचा मुलगा कुंदन ऑफिसातून येऊन तसाच समोर उभा.)

कुंदन : आये, गिऱ्हाइकाच्या पिशवीतनं कोळंबी परत काढून घेतलीस?

सखू : घेतली. पैशे तिच्या हातावर ठेवले नि घेतली. चोरी नाय केली.

कुंदन : सेक्रेटरीचा फोन आलता. उद्यापासून सोसायटीच्या गेटवर बसायचं नाय, बोलला. एवढं झालं काय?

सखू : ती सुनयना मॅडम मोबाईल दावते मना. बोलते, सरकार सांगतंय महागाई कमी झाली, मंग तुमचाच भाव कसा चढतो? मी बोलली, होडी डिझेल पिते, बाय. तर हसली. बोलते, सगले असंच सांगून लुटतात.

कुंदन : मग?

सखू : मंग मी बोलली, तो मोबाईलच तलून खा!

कुंदन : आये! अगं, महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नसतं. चढतायत, फक्त हळू चढतायत.

सखू : म्हंजे पानी नाकाला लागलंय, पन हलू चढतंय म्हनून हसायचं?

कुंदन : मला नको ऐकवू. सॉरी बोल त्यांना. बाबांची होडी अर्धा महिना बांधलेलीच असते. गेटची जागा पण गेली तर काय करायचं?

सखू : लुटारू ती मना बोलली, नि सॉरी मी बोलू? शिकलेला हायस ना? सांग, मी खोटं बोलली?

कुंदन : खोटं नाय गं...

सखू : मंग वरडतोस कनाला? आज काय झालंय तुला?

कुंदन : पगार वाढला.

सखू : तोंडावरून तर वाटत नाय.

कुंदन : साहेबानं तोच आकडा दाखवला. सरकारी महागाई एवढीशी, म्हणून वाढ पण एवढीशी. आणि मागच्याच महिन्यात त्यानंच आमच्या कंपनीच्या टेम्पोंचं भाडं वाढवलं. डिझेल परवडत नाय, असं एपीएमसी मार्केटातल्या एकेका व्यापाऱ्याला मीच फोन करून सांगितलं. हरामखोर साला! गिऱ्हाइकाला डिझेलचा भाव लावतो, आम्हाला सरकारी आकडा!

सखू : हलू. शेजारी ऐकतील.

कुंदन : ऐकू दे! तू सॉरी बोलू नको, आये. मी जातो उद्या त्या सेक्रेटरीकडं. तोंडावर सांगतो.

सखू : साहेबाला सांगितलास तोंडावर?

कुंदन : (टोपली उचलत) दे, ही आत ठेवतो.

सखू : काय बोललास त्याला, कुंदन?

कुंदन : थँक यू बोललो.