वॉटीची पाती आणि माझा पेपर

…आणि वर मलाच विचारतो, “नेटा, वाचून झाला ना गं तुझा?” आता तुम्हीच सांगा, पावणेआठला पेपर दारात पडतो, आठच्या ठोक्याला हा माणूस कुंपणावरून हात पुढे करून उभा! मधल्या पंधरा मिनिटांत मी चहा टाकायचा, लापशी ढवळायची, नवऱ्याचे, म्हणजे ड्युगीचे, मोजे शोधायचे आणि गावात कोण गेलं तेही वाचून घ्यायचं? मला काय चार डोळे आहेत? पण नाही म्हणवत नाही हो. एकोणतीस वर्षांचा शेजार, आणि मधलं कुंपण तेही आमच्याच बाजूला कललेलं…

हा म्हणजे वॉटी गेडिस. आमच्या गावच्या गोल्फच्या मैदानाचं गवत राखतो. मैदान नऊच भोकांचं, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मॅकफीच्या मेंढ्या, आणि वारा असा की चेंडू मारावा पुढे आणि शोधावा मागे. पण भोकाभोवतीचं गवत, ज्याला ते ग्रीन म्हणतात ना, ते बघाल तर गालिचा! माझ्या बैठकीत नाही तसला.

आणि तो गालिचा कापायला वॉटीचं ते यंत्र. पुढे लाटण्यासारखा गोल रूळ, त्यावर पीळ दिलेली अकरा पाती, ती गरगर फिरतात. खाली एक आडवं पातं, ते ढिम्म. आमचा ड्युगी रविवारी असतो तसं. दोघांच्या मध्ये गवत सापडलं की कात्रीत सापडल्यासारखं कच्च! पण दोघांत अंतर किती हवं? तर म्हणे, असून नसल्यासारखं. जास्त झालं तर गवत चावलं जातं, शेंडे पांढरे पडतात. कमी झालं तर लोखंडावर लोखंड घासतं. मग हा डावीकडचा स्क्रू इतकुसा आवळतो, उजवीकडचा इतकुसा सोडतो, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघतो, आणि शेवटी परीक्षा! कशाची? माझ्या पेपरची! एकेक पट्टी पात्यांत सरकवायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तोंडानं एकच जप, “कापला पाहिजे, नेटा, फाटता कामा नये!”

“अरे, मग दुसरा कुठला कागद घे ना!”

“दुसरा जाड पडतो गं. तुझा पेपर अगदी गवताच्या पातीइतका.”

घ्या! मी वाचते तो पेपर गवताच्या लायकीचा!

तुम्हाला सांगते, मागच्या साली या पट्ट्यांपायी माझी काय शोभा झाली! कुंपणाशी पडलेल्या अर्ध्या पट्टीवर वाचलं, ‘मिसेस लेयर्ड, राहत्या घरी’… पुढचं कापलेलं. मी काळा कोट चढवला, डझनभर स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे पाव, भाजले, डोळ्याला रुमाल लावून त्यांची बेल वाजवली, तर दार कोणी उघडलं? मिसेस लेयर्डनीच! राहत्या घरी पियानो विकायला काढला होता बाईंनी! स्कोन ठेवून घेतले, पियानो मात्र माझ्या गळ्यात बांधता बांधता राहिला. वॉटीला सांगितलं तर म्हणतो कसा, “पण पट्टी स्वच्छ कापली होती की नाही?”

असो. यंदाचं मात्र वेगळं होतं. क्लबचे कॅप्टन मिस्टर प्रिंगल, गावचे जुने दातांचे डॉक्टर, निम्म्या गावाच्या दाढा त्यांच्या पकडीत येऊन गेलेल्या. ते वॉटीला म्हणाले, “हे बघ वॉटी, बाहेरची मंडळी नवी यंत्रं घेऊन यायला तयार आहेत. शनिवारी हंगाम सुरू होतोय. आम्ही कमिटीचे लोक ग्रीन बघू. नीट असली तर तू आहेसच. नसली तर… तूही एकसष्ट वर्षांचा झालास.”

एकसष्ट! जणू काही हा दातच आहे, हलायला लागला की काढा!

मग वॉटीनं यंत्र घरच्या शेडमध्ये आणलं, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस नुसतं स्क्रू आवळ, स्क्रू सोड. माझा तीन दिवसांचा पेपर गेला. बुधवारी दुपारी कुंपणावरून ओरडला, “नेटा, जमलं! टोकापासून टोकापर्यंत!” चेहरा असा की जणू मुलगी बोर्डात आलीय. आणि गेला घरात चहा प्यायला.

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. ड्युगी म्हणालासुद्धा, “नेटा, तिकडे जाऊ नकोस हं.” वर्षातून एकदा बोलतो आणि नेमका बरोबर बोलतो. पण तुम्हीच सांगा, एकोणतीस वर्षं जो कागद माझ्या घरून जातो, तो कापला कसा जातो हे एकदा बघावंसं वाटणार नाही? बघितलं तर काय बिघडलं?

गेले शेडमध्ये. यंत्र चकाकतंय. वॉटी हात लावत नाही, लाकडी काठीनं पाती ढकलतो, हे मला ठाऊक. काठी घेतली. पण कागद? पेपर तर संपलेला. एप्रनच्या खिशात हात घातला, चर्चची पत्रिका हाती आली, फुलं कोणी कधी लावायची त्याची. दुमडली, सरकवली, काठीनं पाती ढकलली, आणि…

टिक्.

कच्च नव्हे हो. टिक्!

पिन! पत्रिकेला पिन होती! आणि आमच्या चर्चच्या पिना म्हणजे जहाजाला ठोकाव्यात तसल्या! मी पत्रिका ओढली, काठी जिथल्या तिथे ठेवली, आणि घरी येऊन एवढ्या जोरात बटाटे सोलले की बटाटेच उरले नाहीत. म्हटलं, टिक् तर टिक्, एवढ्याशा पिनेनं लोखंडाला काय होतंय?

गुरुवारी सकाळी आठला कुंपणापाशी कोणी नाही. सव्वाआठ झाले. साडेआठ. पेपर हातात धरून मीच वाट बघतेय! नवाला वॉटी आला तो मागच्या दारानं. टोपी काढून खुर्चीत बसला.

“नेटा, कागद दे.”

“घे की. आज तर पूर्ण वाचून झालाय.”

“पेपर नको. चांगला दे. पत्र लिहायचंय कमिटीला. सोडतो म्हणून.”

माझा हात किटलीवरच राहिला. “अरे, पण झालं काय?”

“क्लबच्या दारातली सरावाची ग्रीन कापली. रेघ उठली, केसाएवढी. पात्याला खाच आहे.”

“दगड लागला असेल रे!”

“दगड लागला असता तर मध्येच कुठेतरी सुरू झाली असती. ही पहिल्या फुटापासून आहे. म्हणजे खाच काल शेडमध्येच होती, आणि मी इंच न् इंच तपासूनही मला दिसली नाही.” तळहातांकडे बघत म्हणाला, “डोळे गेले माझे, नेटा. प्रिंगलचं बरोबर आहे. त्यानं काढण्याआधी आपणच उठावं.”

आता सांगा, काय करायचं बाईनं? बोलले तर एकोणतीस वर्षांचा शेजार जातो, नाही बोलले तर माणूस जातो! मी सुरुवात केली, “वॉटी, काय आहे ना… काल मी जरा बागेत… वारा फार होता बघ… आणि चर्चमध्ये फुलांची पाळी यंदा मिसेस लेयर्डची, तशी माझीच होती, पण…”

वॉटीनं मान वर केली. “नेटा. काप. फाडू नकोस.”

मग एका दमात सांगितलं. शेड, काठी, पत्रिका, पिन, टिक्. सगळं.

म्हटलं, आता ओरडेल. टोपी आपटेल. आपटायचा हक्कच होता त्याला! तर तो हळूच विचारतो, “म्हणजे… मी बघितलं तेव्हा पातं नीट होतं?”

“होतं.”

“टोकापासून टोकापर्यंत?”

“अरे, होतं बाबा!”

आणि हा माणूस हसायला लागला! डोळे पुसतोय आणि हसतोय, तेच डोळे, जे सकाळपासून गेले होते! मग एकदम उठला. “चल शेडमध्ये.”

“मी?”

“मग काय लेयर्डबाई? खाच तू पाडलीस, लेप तूच लाव.”

तुम्हाला सांगते, तो दिवस गेला आणि शुक्रवारही अख्खा गेला. आधी त्यानं खाचेची कड घासून घेतली. मग मोटार लावून पाती उलटी फिरवली. हो, उलटी! आणि मी लांब दांड्याच्या ब्रशनं त्यांना धार काढायचा लेप लावतेय, करड्या रंगाचा, रवाळ, थेट आमच्या लापशीसारखा. करकर, करकर! माझ्या दातांत कळा. थांबायचं, पुसायचं, इतकुसा स्क्रू, पट्टी घालायची. फाटली! पुन्हा लेप. पुन्हा फाटली! शब्दकोडं गेलं, हवामान गेलं, मेलेले सगळे गेले. संध्याकाळी पेपरचं शेवटचं पान राहिलं. वॉटी म्हणाला, “तू घाल.” मी सरकवलं, त्यानं काठी ढकलली.

कच्च!

अहो, काय आवाज तो! टोकापासून टोकापर्यंत, कच्च, कच्च, कच्च! मी त्या तेलकट शेडमध्ये नाचले म्हटलं तरी चालेल.

शनिवारी सकाळी वॉटीनं नऊच्या नऊ ग्रीन कापल्या, आणि ती सरावाचीही. मग प्रिंगल आले, मागे कमिटी, आणि कमिटीच्या मागे मी. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण अडवायची हिंमतही कोणाची नव्हती. प्रिंगल सरावाच्या ग्रीनवर गुडघे टेकून बसले, गाल गवताला लावला, मला तर वाटलं आता गवताला म्हणतील, आ कर! किती वेळ बघत होते. वॉटी टोपी पिळतोय.

“वॉटी,” उठून गुडघे झटकत प्रिंगल म्हणाले, “रेघ कुठेच नाही रे. बाहेरच्यांना नको म्हणून कळवतो.” आणि जाता जाता वळून म्हणाले, “आणि क्लबच्या कोठारात ते दुसरं जुनं यंत्र पडलंय ना, तेही लाव सुरू. तुझा हात बसलाय.”

वॉटीनं पिळलेली टोपी डोक्यावर चढवली. आणि माझ्याकडे बघितलं. मी मोठ्यानं नाक शिंकरलं, वाऱ्यामुळे.

सोमवारी सकाळी पावणेआठला दारात बघते तर एक नाही, दोन पेपर! वॉटीनं माझ्या नावानं दुसरा सुरू केलेला, वर्षभराचा. माझे डोळेच भरून आले हो. म्हटलं, माणसाला जाणीव आहे, आता निवांत बसून वाचू. चहा ओतला, चष्मा लावला, पान उलटलं…

आठच्या ठोक्याला कुंपणावरून दोन हात पुढे!

“दोन्ही दे गं नेटा. आता यंत्रंही दोन आहेत ना!”

दिले. काय करणार? आता मी पेपर संध्याकाळी वाचते, त्याच्या शेडमधल्या टोपलीतून, पट्ट्यापट्ट्यांनी. कोण गेलं ते कळतं, कुठून गेलं ते कळत नाही. पण एक सांगते हं, त्या अख्ख्या टोपलीत फाटलेली एकही पट्टी सापडायची नाही तुम्हाला!