धावपट्टीच्या दिव्यांचा निरोप

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे विमानतळप्रमुख साहेब, सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेत माझ्या हातवाऱ्यांवर नजर ठेवून बसलेल्या माझ्या सौभाग्यवती,

मी सारखा खिडकीबाहेर पाहतोय, त्याबद्दल रागावू नका. पंचवीस मिनिटांत आपलं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान उतरायचंय. धावपट्टीच्या दिव्यांचा मिस्त्री, निवृत्तीच्या दिवशी का होईना, खुर्चीत कसा बसेल?

एकतीस वर्षांपूर्वी इथे दिवसाला दोन विमानं यायची. सामान हातगाडीवरून यायचं आणि कुत्री हाकलणं हेही आमचंच काम होतं. आज सरकते पट्टे आहेत, विमानात चढायला काचेचे पूल आहेत, पासपोर्ट तपासायला आठ खिडक्या आहेत, धावपट्टी तर जवळजवळ दुप्पट झाली. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, थोडं परकंही वाटतं.

आमच्या खोलीत मात्र जुनाच फळा आहे. प्रत्येक हत्याराला त्यावर एक खिळा. पाना काढला की त्या जागी आपल्या बिल्ल्याच्या नंबराचं पितळी नाणं अडकवायचं, पाना परत आला की नाणं काढून खिशात ठेवायचं. नाणं खिशात, म्हणजे सगळं घरी. धावपट्टीवर विसरलेला एक पाना विमानाच्या इंजिनात गेला तर काय होतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले, की माझ्या हातून एकही हत्यार कधी हरवलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी सवयीने खिशात हात घातला.

खिशात नाणं नव्हतं.

मनाची समजूत घातली, की दुपारी घरी कपडे बदलले, जुन्या पँटीत राहिलं असेल. म्हणून भाषणाआधी हिच्या कानाशी लागलो. ही म्हणाली, "मी खिसे उलटे करूनच कपडे भिजत टाकले. काही नव्हतं."

म्हणजे नाणं अजून फळ्यावर आहे, आणि पाना बाहेर. सकाळी नव्या टोकाकडच्या कडेचे दिवे बदलत होतो, तेवढ्यात आमच्या खात्यातली पोरं गाडी घेऊन आली. पाहुणे आले, चला चला, म्हणून मला उठवलं. उठण्याआधी हत्यारं मोजायची, हे मीच सगळ्यांना शिकवलं. आज स्वतःच्या सत्काराच्या घाईत मीच मोजली नाहीत. पोरांचा यात काही दोष नाही.

आता खरं सांगतो, कारण लाज त्याचीच जास्त वाटते. माइकसमोर आलो तेव्हा गप्प बसायचं ठरवलं होतं. पाना कडेच्या मातीत असेल, विमान मधोमध उतरेल, कुणाला कळणारही नाही. काचेच्या पुलांचं कौतुक मी त्यासाठीच लांबवत होतो. पण त्या विमानात माणसं आहेत हो, मला बोलल्याशिवाय राहवेना.

प्रमुखसाहेब, टॉवरला फोन लावलात ना? विमान वरच थांबवा, धावपट्टी बंद करा. बाराव्या दिव्यापासून पुढे शोधायचं. मी दाखवतो.

आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ही चूक मात्र पोटात घालू नका. फळ्याशेजारच्या वहीत माझ्या नावापुढे लिहून ठेवा, नव्या पोरांना वाचायला.

हा पुष्पगुच्छ कुणीतरी धरा. मला जायचंय.