त्रिकोणासनातला नमस्कार

माझ्या योगावर हसता ना, मग हे ऐकाच. लंडनला पिनरमध्ये राहत होतो तेव्हा मी चर्च हॉलमधल्या योगाच्या क्लासला जायचे. टीचर मार्गारेट, सत्तरीची, पण काठीसारखी ताठ. एकदा त्रिकोणासनात माझा मागचा पाय घसरायला लागला, तर तिनं आपलं पाऊल माझ्या टाचेला टेकवलं आणि म्हणाली, "पुश अगेन्स्ट माय फूट."

शिकवणाऱ्या बाईला पायानं ढकलायचं? लहानपणी डोंबिवलीच्या घरी कुणाला पाय लागला आणि नमस्कार केला नाही, तर आई पाठीत धपाटा घालायची. मी ढकललं खरं, पण लगेच आसन सोडून वाकले, मार्गारेटच्या पावलाला हात लावला आणि छातीशी नेला. बाकीच्या बायका तिरक्या वाकलेल्या तशाच बघत राहिल्या.

"व्हॉट वॉज दॅट?"

"सॉरी, पाय लागला ना. आमच्यात नमस्कार करतात."

ती तशीच पुढच्या बाईकडे वळली. मला वाटलं, चिडली. पुढच्या आठवड्यात दुसरीच्या टाचेला पाऊल लावलं, आणि मार्गारेट स्वतःच वाकून नमस्कार करून मोकळी.

पुढे आम्ही इथे साउथहॅम्प्टनला आलो. नवा क्लास, तरुण टीचर. आसन करताना तिचा पाय मला लागला आणि तिनं चक्क नमस्कार केला. मी विचारलं, हे कुठे शिकलीस?

"मार्गारेटकडे, पिनरला. इट्स अ व्हेरी एन्शंट ट्रॅडिशन."

मी मान ताठ करून म्हटलं, "आय नो. शी लिव्हज इन डोंबिवली."